बंद पडलेल्या प्लांटचा टेलिंग पाँड ताब्यात आला तेव्हा

आयर्न ओअर (लोहखनिज) धुणाऱ्या प्लांटचं सांडपाणी आणि टेलिंग पाँड, म्हणजे धुतल्यावर उरलेल्या गाळाचं तळं, सांभाळायचं काम पहिल्यांदा अंगावर आलं की माणूस आधी नेटवर शोधतो, आणि तिथे दोनच प्रकार मिळतात, एक ब्राझीलमधलं धरण फुटल्याचे व्हिडिओ आणि दुसरे सरकारी पीडीएफ. मधलं काहीच नाही. म्हणजे साइटवर जाऊन नक्की काय बघायचं, कुणाला फोन करायचा, पैसे किती लागतात, पावसाआधी काय उरकायलाच हवं, हे कुणी लिहीत नाही. मी गेल्या हिवाळ्यात हेच शोधत बसले होते म्हणून आता लिहून ठेवतेय. कंपनीचं नाव देत नाही, त्याने तसाही काही फरक पडत नाही.

मी मूळची दोडामार्गची, केमिस्ट्रीत एमएस्सी, आणि आधी वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर होते. तिकडे सगळं टाक्यांमध्ये असतं, झाकण लावलेलं, मीटर लावलेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिचोली तालुक्यातल्या एका बेनिफिशिएशन (खनिज धुऊन त्याची प्रत सुधारणाऱ्या) प्लांटवर एन्व्हायर्नमेंटचं काम घेतलं. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा हा प्लांटही थांबला आणि तसाच राहिला. आता मालकांना ई-ऑक्शनमधला (ऑनलाइन लिलावातला) कमी ग्रेडचा माल घेऊन धुवायचा होता. कन्सेंट टू ऑपरेट, म्हणजे प्लांट चालवायची प्रदूषण नियंत्रण बोर्डाची संमती, कधीच संपलेली, पाँड झाडीत हरवलेला, आणि जुना स्टाफ बहुतेक दुसरीकडे गेलेला. राहिले होते एक फोरमन काका, ज्यांना तिथली प्रत्येक पाइप कुठून कुठे जाते ते तोंडपाठ होतं. पुढचं बरंचसं त्यांच्यामुळे जमलं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माल फोडायचा, चाळायचा, पाण्याने धुवायचा, मग क्लासिफायर, हायड्रोसायक्लोन, मॅग्नेटिक सेपरेटर असं करत लोखंडाचा भाग वेगळा काढायचा. उरतो तो पाण्यात मिसळलेला बारीक लाल गाळ, चिकणमाती, सिलिका, ॲल्युमिना. हे टेलिंग. आमच्या हिशोबात ताशी १०० टन माल टाकला की सुमारे ३० टन सुका गाळ निघतो, पण तो १० टक्के सॉलिडवर येतो, म्हणजे त्या ३० टनांबरोबर २७० टन पाणी. थिकनरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवून वरचं पाणी वेगळं करणाऱ्या मोठ्या टाकीत, तो ४५ टक्क्यांपर्यंत घट्ट केला तर त्याच ३० टनांबरोबर साधारण ३७ टनच पाणी जातं आणि बाकीचं २३० च्या वर परत प्लांटला मिळतं. हा आकडा मी पहिल्या आठवड्यात काढला आणि टेबलासमोर चिकटवून ठेवला, कारण पुढे खर्चाची प्रत्येक चर्चा याच्यावरच आली. गोव्याच्या मालात सायनाइड वगैरे भानगड नाही, पीएचही न्यूट्रलच्या आसपास, सगळा त्रास बारीक मातीचा आणि पाण्याचा.

पहिल्यांदा पाँड बघायला गेलो तेव्हा खरं सांगायचं तर मला तो सुकलेलं मैदान वाटला. वरून दुधावर साय यावी तशी कडक लाल खपली, तिच्यावर गवत, गुरांची पायवाट. मी पाय टाकणार तेवढ्यात काकांनी हाताला धरून मागे ओढलं आणि एक लांब बांबू खुपसून दाखवला, अर्ध्याहून जास्त सरसर आत गेला. खाली अजून लगदाच होता, सहा-सात वर्षांनंतरही. तेव्हा पहिली टीप हीच, बंद पाँडवर चालत जाऊ नका आणि गुरांना जाऊ देऊ नका, आधी कुंपण आणि बोर्ड लावा. ते काम काही हजारांत होतं आणि कुणाच्या परवानगीची वाट बघायला लागत नाही.

त्या रात्री घरी बसून ब्रुमाजिन्योबद्दल वाचलं. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये आयर्न ओअर टेलिंगचं ते धरण फुटलं, २७० माणसं गेली. मला त्यातली एक गोष्ट झोपू देईना, ते धरण २०१६ पासून वापरातच नव्हतं. नवीन टेलिंग टाकणं बंद झालं म्हणजे ते सुरक्षित झालं असं नसतं, आत पाणी साठून राहिलं तर तो गाळ एका क्षणात पातळ होऊ शकतो. आमचा पाँड त्याच्या तुलनेत अगदीच छोटा, पण खाली कुळागरं (नारळ-सुपारीच्या बागा) आहेत, ओहोळ आहे, आणि ओहोळाच्या पलीकडे भातशेती. तेव्हापासून माझं सगळं लक्ष लगद्यावरून पाण्यावर गेलं, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडतं.

बंधाऱ्याची अवस्था बघायला झाडी साफ करावी लागणार होती. बंधारा मुरमाचा, बाहेरच्या बाजूला तळाशी जांभ्या दगडाचं पिचिंग (दगडी अस्तर), आणि उतारावर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठाले झालेले. कुणालाही वाटेल की झाडं आहेत तर माती धरून ठेवतील, पण बंधाऱ्यावर मोठं झाड नको, मुळं कुजली की त्यांच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते, आणि वादळात झाड उन्मळलं तर बंधाऱ्याचा लचका घेऊनच पडतं. पण गोव्यात झाड तोडायचं तर १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वनखात्याची परवानगी लागते, मग ते झाड अकेशियाचं का असेना. अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला दिला, त्यासोबत जागेचे कागद, प्लॅन, प्रत्येक झाडाचा घेर. मग साइटवर येऊन मोजणी, आणि परवानगी फेब्रुवारीच्या मध्यात हातात. हे काम पावसाशी बांधलेलं असेल तर सगळ्यात आधी हाच अर्ज टाका, बाकी सगळं समांतर चालू शकतं पण झाडं उभी असताना पोकलेन उतारावर जाऊ शकत नाही.

कन्सेंटचा अर्जही डिसेंबरातच ऑनलाइन टाकला. मिनरल बेनिफिशिएशन रेड कॅटेगरीत येतं, फी प्लांटच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट लागतं. आमचे सीए डिसेंबरात दुसऱ्या कामात अडकलेले होते, त्यात आठवडा गेला, तर ते आधीच सांगून ठेवा. बाकी लागलं ते असं की जागेचे कागद, लेआउट, जुन्या कन्सेंटची प्रत आणि तिच्यातल्या प्रत्येक अटीसमोर आज काय परिस्थिती आहे त्याचा तक्ता, पर्यावरण मंजुरी, वापरलेल्या तेलासाठी हझार्डस वेस्टची ऑथोरायझेशन, पाण्याचे लॅब रिपोर्ट, आणि वॉटर बॅलन्स, म्हणजे पाणी किती येतं आणि कुठे जातं त्याचा हिशोब. स्कॅन नीट करा, वाकडा-तिकडा फोटो अपलोड केला तर तीच क्वेरी बनून परत येते.

जानेवारीत क्वेरी आलीच, आणि चांगलीच आली. जुन्या कन्सल्टंटने बनवलेल्या वॉटर बॅलन्समध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं झिरो डिस्चार्ज, म्हणजे बाहेर पाणी सोडतच नाही, आणि तोच कागद फाइलबरोबर वर्षानुवर्षं चालत आला होता. बोर्डाने एका ओळीत विचारलं की पावसाळ्यात ओव्हरफ्लो कुठे जातो. बरोबर होतं त्यांचं. आमच्या भागात वर्षाला १२० इंच म्हणजे ३,००० मिलिमीटर पाऊस धरायला हरकत नाही, आणि एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी, हा हिशोब पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतो. आमचा पाँड आणि त्याच्याकडे उतरणारा डोंगर धरून १४ हेक्टर क्षेत्र होत होतं. एका दिवसात चार इंच पडला तर १४,००० घनमीटर पाणी पाँडमध्ये, आणि आमचा पंप ताशी २५० घनमीटरचा, म्हणजे एक दिवसाचा पाऊस उपसायला अडीच दिवस, तोही लाइट गेली नाही तर. जून-जुलैत लाइट जाणार नाही असं गोव्यात कोण म्हणेल!

मग त्या कागदाऐवजी महिन्यागणिक नवीन वॉटर बॅलन्स बनवला, पाऊस, बाष्पीभवन, टेलिंगमध्ये अडकून राहणारं पाणी, प्लांटला परत जाणारं पाणी, आणि उरलेलं सेटलिंग पिटमधून (गाळ खाली बसवायच्या खड्ड्यांमधून) ओहोळात जाणारं पाणी, तेही आकड्यासकट. कोरड्या दिवसांत झिरो डिस्चार्ज, पावसाळ्यात प्रक्रिया करून डिस्चार्ज, असं स्पष्ट लिहिलं. मॅनेजमेंटमधल्या एकाला भीती वाटत होती की डिस्चार्ज कबूल केला तर अर्जच अडकेल. उलट झालं, साळगावच्या ऑफिसात चर्चेला बोलावलं तेव्हा तो तक्ता समोर ठेवून अर्ध्या तासात बोलणं संपलं.

मधल्या काळात एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या जिओटेक्निकल, म्हणजे माती तपासणाऱ्या लोकांना बोलावलं. बंधाऱ्यात बोअर घेतले, मातीचे नमुने नेले, आणि त्याच बोअरमध्ये पिझोमीटरचे पाइप बसवले. पिझोमीटर म्हणजे साधा जाळीचा पाइप, त्यात टेप सोडायची, पाण्याला लागली की बीप वाजतो, बंधाऱ्याच्या पोटात पाणी किती उंचीवर आहे ते कळतं. ड्रोन सर्व्हे धरून हे सगळं साडेपाच लाखांच्या आसपास गेलं आणि रिपोर्टला जवळजवळ दोन महिने लागले. रिपोर्टचा सार असा की बंधारा उभा राहील, फॅक्टर ऑफ सेफ्टी (बंधाऱ्याची ताकद त्याच्यावरच्या भाराच्या किती पट आहे तो आकडा) १.५ च्या वर येतो, पण पोटातलं पाणी खाली राहिलं तरच, नाहीतर नाही. म्हणून तळाशी झिरपलेलं पाणी बाहेर काढणारा दगडाचा टो ड्रेन करा, पावसाळ्यात पाण्याची पातळी आणि बंधाऱ्याचा माथा यांत दीड मीटर मोकळी जागा ठेवा, आणि साठलेलं पाणी बंधाऱ्याला टेकू देऊ नका.

शेवटचं वाक्य वाचून आम्ही जुनी डिस्चार्ज पाइप बघायला गेलो. ती डोंगराच्या बाजूने एकाच ठिकाणी टेलिंग सोडायची. जड कण तिथेच बसायचे, त्यामुळे तो भाग उंच झाला आणि पाणी, सगळ्यात बारीक चिकण गाळासकट, उतरत येऊन बरोबर बंधाऱ्याला टेकायचं. म्हणजे जे व्हायला नको तेच. यावर उपाय महागडा नाही, पाइप बंधाऱ्याच्या माथ्यावरून फिरवायची आणि ठराविक अंतरावर टी (फाटे) आणि व्हॉल्व्ह काढून आळीपाळीने सोडत जायचं, मग जाड कण बंधाऱ्याजवळ बसून किनारा तयार होतो आणि पाणी मागे सरकतं, तिकडून ते तराफ्यावरच्या पंपाने उचलायचं. पाइप, टी, व्हॉल्व्ह, मजुरी धरून सहा लाखांच्या आत झालं. पाइप विकणारा मोठ्या साइजची गळ घालेल, घेऊ नका, वेग कमी झाला की गाळ पाइपातच बसतो आणि मग हातोडी घेऊन ठोकत बसायचं.

फेब्रुवारीत झाडं पडल्यावर दोन गोष्टी दिसल्या, कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं आणि वारुळं. शेताच्या बांधाला कुर्ल्या काय करतात ते कोकणात कुणाला सांगायला नको. बिळं खणून, चिकणमाती भरून, धुमुसने ठोकून घेतली. वारुळांचं मात्र वेगळं होतं. आमच्याकडे सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजतात, तेव्हा पोकलेनचा ऑपरेटर मोठ्या वारुळाजवळ येऊन मशीन बंद करून खालीच उतरला. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "बाय, आज हे राहू दे, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी नारळ, उदबत्ती, गाऱ्हाणं झालं, मग हळूहळू खणलं. आत पोकळी हात घालता येईल एवढी मोठी आणि थेट बंधाऱ्याच्या मध्याकडे गेलेली. एक दिवस गेला म्हणून शेड्युलवाल्याने कुरकुर केली, पण त्या नारळाशिवाय ते काम झालंच नसतं आणि व्हायलाही नको होतं.

मग गार्लंड ड्रेन. डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी पाँडमध्ये येऊच द्यायचं नाही, वरच्या वर वळवून पलीकडे सोडायचं. यातच माझ्या मते सगळं आहे. चर खणला, जिथे उतार जास्त तिथे जांभ्याचे चिरे लावून पायऱ्या केल्या. पोकलेनला ताशी सतराशे रुपये पडले, चिरे आणि गवंडी वेगळे. पण १४ हेक्टरचं क्षेत्र ६ वर आलं. म्हणजे त्याच चार इंचाला १४,००० ऐवजी ६,००० घनमीटर, आणि तोच पंप एका दिवसात उपसू शकतो. हेच पंपांनी करायचं म्हटलं असतं तर दोन पंप, डिझेल जनरेटर आणि रात्रपाळीची माणसं, दर वर्षी.

जार टेस्टची, म्हणजे कुठल्या रसायनाने गाळ नीट बसतो ते छोट्या भांड्यात बघायच्या चाचणीची एक गंमत. कन्सेंट नाही म्हणजे प्लांट चालवायचा नाही, आणि प्लांट नाही तर टेलिंग कुठून आणायचं? काकांनी काँक्रीटचा मिक्सर आणला, त्यात ऑक्शनच्या मालाचा नमुना आणि पाणी टाकून फिरवला, चाळणीतून ओतला, झालं टेलिंग. लॅबच्या रिपोर्टशी साइज ताडून पाहिला, बऱ्यापैकी जवळ होता. त्याच्यावर तीन सप्लायरांचे पॉलिमर (बारीक कण एकत्र आणून खाली बसवणारं रसायन) लावून बघितले. पावडर ०.०५ टक्क्याच्या द्रावणात, पाण्यात हळूहळू भुरभुरत टाकायची, नाहीतर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात ज्या विरघळतच नाहीत, मग निदान पाऊण तास सावकाश फिरवत ठेवायची. मापाच्या सिलिंडरमध्ये घालून दोन-तीनदाच उलटंपालटं करायचं, जोरात हलवलं तर झालेले फ्लॉक (कणांचे पुंजके) मोडतात. आम्हाला टनाला २० ग्रॅमवर चांगलं पाणी मिळालं. ताशी ३० टनाला ६०० ग्रॅम, दोन पाळ्यांत साडेनऊ किलोच्या आसपास, २२० रुपये किलोच्या भावाने दिवसाला दोन हजार शंभर. सप्लायरचा माणूस नेहमी दुप्पट डोस सांगेल. जास्त पॉलिमरने पाणी आणखी स्वच्छ होत नाही, खालचा गाळ चिकट होतो आणि थिकनरच्या रेकचा (तळाचा गाळ ओढणाऱ्या दात्यांचा) टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, चढतो.

फेब्रुवारीच्या शेवटी इन्स्पेक्शन झालं. अधिकाऱ्यांनी पाँडपेक्षा वर्कशॉपजवळ जास्त वेळ घातला, डंपर धुण्याच्या जागेचं तेलकट पाणी कुठे जातं, ऑइल सेपरेटरमधलं तेल कुठल्या ड्रममध्ये, ड्रमवर लेबल आहे का, कँटीनच्या सांडपाण्याचं काय. लोक मोठ्या पाँडची तयारी करतात आणि इथे सापडतात. आमचा सेपरेटर तेव्हा नुकताच साफ झालेला होता.

मार्चच्या शेवटी कन्सेंट आली. कायद्यात चार महिने काहीच निर्णय आला नाही तर संमती मिळाल्याचं मानतात अशी तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर कुणी प्लांट सुरू करू नये, क्वेरीला उत्तर देत राहणं स्वस्त पडतं. अटी म्हणजे पाच लाखांची बँक गॅरंटी, बंधाऱ्याचं काम पावसाआधी पूर्ण, फ्लोमीटर, पिझोमीटरच्या नोंदी, आणि ओहोळात सोडायच्या पाण्याला पीएच ५.५ ते ९, सस्पेंडेड सॉलिड (पाण्यात तरंगणारे घन कण) १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत, तेल-ग्रीस १० च्या आत. बँक गॅरंटीसाठी बँकेने मार्जिन मागितलं, मार्चएंडला बँकेत जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगत नाही.

एप्रिलमध्ये प्लांट सुरू झाला. थिकनरचा ओव्हरफ्लो पहिल्यांदा परत प्लांटच्या टाकीत पडताना बघितला तेव्हा मी फोनवर घरच्यांना तो दाखवला, आई म्हणाली "अगं, हे तर चहाचंच पाणी दिसतंय". तिला लालसर दिसत होतं, मला मात्र ते फार स्वच्छ वाटत होतं.

टो ड्रेनचं काम ३१ मेपर्यंत संपवायचं असं कॉन्ट्रॅक्टरशी ठरलं होतं, कारण गोव्यात मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. काका मात्र एप्रिलपासूनच आभाळाकडे बघून म्हणत होते, "हो पावस आदीं येतलो, बाये," म्हणजे पाऊस लवकर येणार. मी त्यांचं ऐकून मेच्या पहिल्याच आठवड्यात दुसरी टीम लावायला सांगितली, दीडेक लाख जास्त गेले, वर चांगलीच बोलणी खाल्ली. २० मेपासून जो धोधो सुरू झाला तो सगळ्यांना आठवत असेल, २४ मेला मान्सून केरळात आणि लगेच दुसऱ्या दिवशी आपल्याकडे. टो ड्रेनचा शेवटचा दगड जेमतेम त्याच आठवड्यात बसला, शेवटचे दोन दिवस तर ताडपत्री धरून काम चाललं होतं. वरचा पिचिंगचा थोडा भाग राहिला तो प्लॅस्टिक आणि वाळूच्या गोण्यांनी झाकून ठेवला आणि पावसात एक उघाड मिळाली तेव्हा केला.

त्या आठवड्यात मी बहुतेक वेळ साइटवरच होते. रात्री टॉर्च घेऊन बंधाऱ्याच्या तळाशी फिरायचं, झिरपणारं पाणी व्ही-नॉचवर (व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्यावर) मोजायचं, नॉच नसेल तर बादली आणि स्टॉपवॉच चालतं. झिरपणं वाईट नाही, प्रत्येक मातीचा बंधारा झिरपतो. स्वच्छ पाणी सारख्या वेगाने येत असेल तर शांत झोपा. वेग एकदम वाढला किंवा गढूळ आलं तर आतली माती वाहून येतेय, ताबडतोब फोन. आता जांभ्याच्या मुलखात सगळंच पाणी लाल, मग गढूळ कसं ओळखायचं? आम्ही पारदर्शक बाटलीत भरून दिवसाच्या बाटल्या ओळीने ठेवायचो, तळाला किती बसलं ते शेजारच्या बाटलीशी ताडून लगेच कळतं. टर्बिडिटी (गढूळपणा) मोजायचं मीटर आहे, पन्नासेक हजारांचा, पण वॉचमनला रात्री तीन वाजता बाटलीच कळते.

जूनमध्ये नवीनच डोकेदुखी आली. एप्रिलमध्ये जो गाळ तासाभरात खाली बसायचा तो आता पाण्यात तरंगतच राहायला लागला, सेटलिंग पिटच्या शेवटच्या टप्प्यालाही लालच. पॉलिमर तोच, डोस तोच. कारण पावसाचं पाणी. ते इतकं मऊ असतं, त्यात क्षार जवळजवळ नाहीत, की चिकणमातीचे कण एकमेकांना लांब ढकलत राहतात, जवळच येत नाहीत. थोडा चुना दिला, त्यातलं कॅल्शियम मिळालं की कण गोळा होतात, मग नंतर अगदी थोडं पॉलिमर. चुना मात्र पीएच बघत बघत, ९ च्या वर गेलं तर एक अट पाळताना दुसरी मोडायची. तुरटीही चालते, पण आमचं पाणी आधीच मऊ, तुरटीने पीएच खाली यायचा. पिटमध्ये चिऱ्यांचे आडवे बांध घालून पाण्याला नागमोडी फिरवलं त्याचाही चांगला फायदा झाला, आणि पहिला पिट दर उघाडीला उपसलाच पाहिजे, भरलेला पिट म्हणजे नुसती गटार.

खालच्या शेतकऱ्यांशी मेमध्येच जाऊन बोलले होते. त्यांचा राग जुना आहे आणि बिनबुडाचा नाही, लाल पाणी शेतात येऊन थर बसलेले त्यांनी बघितलेत. मी काही वचनं दिली नाहीत, फक्त ओहोळावर आमच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नमुने घेते, बघायला या, असं सांगितलं आणि माझा नंबर दिला. एका आजोबांचा जूनमध्ये सकाळी सहाला फोन, "मॅडम, पाणी तांबडं आलंय." गेले तर ते आमच्या वरच्या अंगाला रस्त्याच्या कामाची माती वाहून आलेली होती, दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर भरल्या, त्यांनी मान डोलावली आणि चहा पाजला. वरच्या अंगाचे नमुने नसते तर हे सगळं आमच्या नावावर जमा झालं असतं, म्हणून दोन्हीकडचे घ्या, तारीख-वेळेसकट.

जुलैत बोर्डाने नमुना घेतला. नमुना आपल्यासमोर दोन भागांत करून सील होतो, दोन्हीवर सह्या होतात, त्यावेळी जबाबदार माणूस हजर पाहिजे, गेटवर वाट बघायला लावू नका. लोखंड-मँगनीजच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालून ठेवतात, सॉलिडचा नमुना वेगळ्या बाटलीत थंड ठेवतात, हे आपल्या खासगी लॅबच्या मुलालाही सांगा, तो सगळं एकाच बाटलीत भरायला निघालेला. सस्पेंडेड सॉलिड मर्यादेत आलं. पिझोमीटर जुलैत चढले, रिपोर्टमधल्या धोक्याच्या रेषेच्या खालीच राहिले, ऑगस्टच्या उघाडीत उतरले. ओला माल चाळणीला चिकटायला लागल्यावर जुलैमध्ये तसंही प्लांट थांबवला होता.

कागद पावसात थांबत नाहीत. पर्यावरण मंजुरीचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबर, हझार्डस वेस्टचा वार्षिक फॉर्म ३० जूनपर्यंत, आणि फॉर्म ५ म्हणजे एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट ३० सप्टेंबरपर्यंत. हे मोबाइलवर पंधरा दिवस आधीची घंटी लावून ठेवा. फॉर्म ५ मध्ये टनामागे किती पाणी लागलं ते लिहावं लागतं, आणि फ्लोमीटरच्या नोंदी रोज ठेवल्या असतील तर तासाभराचं काम आहे, नसतील तर सप्टेंबर गेला.

आता ऑक्टोबरात बंधाऱ्याचा फेरसर्व्हे आहे, पावसात खचलेल्या जागा भरायच्या आहेत, आणि पॉलिमरची पुढची ऑर्डर यावेळी एप्रिलमध्येच द्यायची, मेमध्ये सगळेच प्लांट एकदम मागवतात. फिल्टर प्रेसची कोटेशनं मागवली आहेत, गाळ दाबून कोरडा केला तर पाँडवरचा भारच कमी होईल, पण किंमत बघून मालकांनी दिवाळीनंतर बोलू म्हटलंय. कुणी आमच्यासारख्या चिकण मालावर फिल्टर प्रेस चालवला असेल तर कापड किती दिवस टिकतं तेवढं सांगा, सप्लायरच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.